गोंडपिपरीची दमणी

गेल्या डिसेंबरात खालाच्या धाकट्या मुलाचा वलीमा होता. शाळेला तीन दिवसांची सुट्टी जोडून मिळाली म्हणून आम्ही दोघे गोंडपिपरीला निघालो. सोबत बहिणीचा मुलगा होता. तो यंदा दहावीला आहे. निघताना बहिणीने आमच्यावर एक काम सोपवले. ती म्हणाली, "भाईजान, तुम्ही मास्तर आहात, तुमचं तरी तो ऐकेल. दहावीनंतर आयटीआयला जाऊन मोटारीच्या बॉडीचं काम शिकायचं म्हणतो. आपल्या घरात कोणी गॅरेजमध्ये गेलं आहे का? वाटेत त्याला समजवा."

आम्ही होकार दिला. असे समजावणे हे तर आमचे रोजचेच काम.

चंद्रपूर सुटले की बल्लारपूर येते. तिथे वन विभागाचा लाकूड डेपो आहे. सागाचे ओंडके नंबर टाकून ओळीने रचून ठेवलेले असतात, आणि देशभरातले व्यापारी लिलावाला येतात. पुढे कोठारीनंतर रस्ता जंगलात शिरतो. दोन्ही बाजूंना साग, मोह, टेंभुर्णी आणि मधूनमधून बांबूची रांजी. धानाची कापणी होऊन गेली होती. बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि शेताशेतात धानाचे पुंजणे उभे होते. समोरून एकामागे एक मोठे ट्रक येत होते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज या भागातल्या रस्त्यांवरून जाते. एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला लोखंड. गाडी बनवायला आणखी काय लागते, असे भाचा हसून म्हणाला. आम्ही ते तेव्हा मनावर घेतले नाही.

गोंडपिपरी हे चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडचे तालुक्याचे गाव. तालुक्याच्या एका बाजूने वर्धा नदी वाहते, दुसऱ्या बाजूने वैनगंगा. पुढे या दोघी मिळून प्राणहिता होतात आणि सिरोंचाजवळ गोदावरीला भेटतात. वर्धेपलीकडे तेलंगण. म्हणून इथल्या बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच दुकानात ऐकू येतात, आणि आपल्या लोकांच्या घरातली उर्दू थोडी नागपूरकडची, थोडी हैदराबादकडची. स्वातंत्र्यापूर्वी नदीच्या अलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत होता आणि पलीकडे निजामाचे राज्य. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुकासुद्धा तेव्हा निजामाकडेच होता. तो या जिल्ह्याला जोडला गेला १९५९ मध्ये.

हे सांगण्याचे कारण म्हणजे खालूजानच्या अम्मी. घरात सगळे त्यांना दादी म्हणतात. नव्वदी ओलांडली आहे, नजर अधू झाली आहे, पण बोलणे अजून खणखणीत. दादीचे माहेर राजुऱ्याचे. देश स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षी त्या लग्न होऊन गोंडपिपरीला आल्या. नदीपर्यंत माहेरच्या गाडीतून, नदी नावेतून आणि अलीकडच्या काठावर सासरची दमणी उभी. "एका राज्यातून निघाले आणि दुसऱ्या राज्यात उतरले. आणि दोन्हीकडे पडदा लावलेलाच होता, त्यामुळे काहीच दिसलं नाही," असे सांगून त्या आजही हसतात.

दमणी म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. आपल्या विदर्भात बैलगाडीचे निरनिराळे प्रकार होते. धान, लाकूड, शेणखत वाहायची ती बंडी. ती जड आणि मजबूत. माणसांना बसून जाण्यासाठी हलकी रेंगी. आणि खात्यापित्या घरातल्या बायामुलांसाठी, लग्नकार्यासाठी, दूरच्या प्रवासासाठी दमणी. हलकी चाके, वर बांबूच्या कमानींचे छत, आत गादी, दोन्ही बाजूंना पडदे. जोडीही खास पाळलेली, दुडक्या चालीची. ज्या काळी गावात मोटार माहीत नव्हती, त्या काळी दारात दमणी असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ती त्या काळची लक्झरी गाडी.

खालूजानच्या घरामागच्या कोठ्यात ती दमणी कित्येक वर्षे पडून होती. छत केव्हाच गेले होते. एका चाकाचे आरे निखळले होते आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. घरात लग्न ठरले तेव्हा दादीने एकच मागणी केली. दमणी पुन्हा उभी करा. मला तिच्यात बसायचे आहे.

खालूजानने मिस्त्री शोधला. ही गोष्ट आता सोपी राहिलेली नाही. लाकडी चाक बनवणारा सुतार पंचक्रोशीत एखादाच उरला आहे. बंड्यांना आता रबरी टायर असतात, साटा लोखंडी अँगलचा असतो, आणि तो वेल्डिंगच्या दुकानात दोन दिवसांत तयार होतो. बरीचशी कामे तर ट्रॅक्टरनेच होतात. शेवटी जवळच्या एका खेड्यातले, सत्तरीला आलेले एक मिस्त्री मिळाले. वलीमा दोन दिवसांवर आला होता आणि चाकाचे काम अजून चालू होते. खालूजान घाबरले होते. दुपारच्या जेवणानंतर ते आम्हाला म्हणाले, "जरा तुम्ही जाऊन बघा. मी गेलो की तो मला उलटा ज्ञान शिकवतो."

भाचा आमच्याआधी चपला घालून तयार होता.

मिस्त्रीची जागा म्हणजे घरासमोरच्या आंब्याखालचा मांडव. जमिनीवर वाकस, पटाश्या, किंकरे, रंधा, गिरमिट अशी हत्यारे मांडलेली. विजेवर चालणारी एकही वस्तू नव्हती. एक चाक पूर्ण होऊन भिंतीला टेकले होते. दुसऱ्याचे सुटे भाग जुन्या गोणपाटावर ठेवले होते.

"बसा जी गुरुजी," मिस्त्री म्हणाले. त्यांनी कामावरून डोके वर काढले नाही. भाचा मात्र त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि विचारू लागला. त्याच्यामुळेच आम्हाला चाकाची गोष्ट नीट कळली.

चाकाच्या मध्ये असतो तो तुंबा. तो बाभळीचा. बाभळीचे लाकूड चिवट असते, चारही बाजूंनी भोके पाडली तरी फाटत नाही. या तुंब्यात बसतात ते आरे, आणि आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर गोलाईत तासलेले पुठ्ठे. दादीच्या दमणीच्या चाकाला सहा पुठ्ठे आणि बारा आरे आहेत, एका पुठ्ठ्यात दोन आरे. आऱ्यांना आणि पुठ्ठ्यांना जुने लोक तिवसाचे लाकूड वापरत. तिवस वजनाच्या मानाने फार मजबूत असतो आणि धक्का सोसतो. लोखंडी आस सर्रास मिळत नव्हते तेव्हा आसाला धावड्याचे लाकूड चाले. सागाचे जंगल दारात असूनही चाक सागाचे का करत नाहीत, असे आम्ही विचारले. मिस्त्री म्हणाले, "साग दाराले बरा, खिडकीले बरा. वाळवी लागत नाई, वाकत नाई. पन चाकाले मार खाता आला पायजे. ज्याचं काम त्यालेच द्या लागते जी."

लाकूड आणले की लगेच कापून चालत नाही. ते महिनोन्महिने सावलीत वाळवावे लागते. आरे अगदी कोरडे हवेत. ओला आरा आज घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात सुकला की सैल होतो. आऱ्याच्या टोकाला कुसू काढतात आणि ते तुंब्याच्या खाचेत ठोकून बसवतात. खिळा नाही, डिंक नाही. सगळे नुसत्या मापावर उभे. आता जंगलातून हवे तसे लाकूड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. डेपोची पावती लागते, वाहतुकीचा परवाना लागतो. पण त्यामुळे मिस्त्रीला हवे असलेले लाकूड हवे तेव्हा मिळतेच असे नाही. या चाकासाठी त्यांनी जुन्या मोडक्या बंड्यांचे आरे विकत घेऊन पुन्हा तासले होते.

आम्ही बसलो होतो तेव्हाच त्यांनी एक आरा बसवला, बोटाने दाबून पाहिला आणि परत उपटून काढला. आम्हाला तो उत्तम बसलेला दिसत होता. भाच्याने विचारले, "काका, काय झालं?" मिस्त्रींनी खाच दाखवली. एका बाजूला केसाएवढी फट होती.

"इतकी फट कोणाला दिसणार?" आम्ही म्हटले. मनात खालूजानचा वलीमा होता.

"मानसाले नाई दिसत गुरुजी. चाकाले दिसते," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी नवा आरा घेतला. त्यात त्यांचा पाऊण तास गेला.

रात्री ओसरीवर सगळे जमले. थंडी चांगलीच होती, मध्ये शेकोटी पेटवली होती. भाच्याने मोबाइल काढला आणि खालूजानला रोल्स रॉइसच्या कारखान्याचे फोटो दाखवू लागला. हा मुलगा एरवी चार शब्दांच्या वर बोलत नाही. त्या रात्री तो तासभर बोलत होता, आणि त्याला किती माहिती आहे हे आम्हाला पहिल्यांदाच कळले.

इंग्लंडच्या दक्षिणेला गुडवूड नावाची जागा आहे. तिथे २००३ पासून रोल्स रॉइसच्या मोटारी तयार होतात. आपली मारुती कंपनी वर्षाला वीस लाखांहून अधिक गाड्या काढते. रोल्स रॉइसने २०२३ या सबंध वर्षात ६,०३२ गाड्या विकल्या आणि तो त्यांचा तोवरचा विक्रम होता. भाचा म्हणाला, "सगळंच हातानं होत नाही, मामू. इंजिन वगैरे यंत्रावरच बनतं. पण गाडीत बसणाऱ्याचा हात जिथं लागतो, नजर जिथं जाते, तिथलं काम माणूस करतो." डॅशबोर्डवरचा लाकडाचा पातळ पापुद्रा एकाच झाडाचा घेतात आणि पुस्तकाची दोन पाने उघडावीत तसा डावीकडे-उजवीकडे बसवतात, म्हणजे लाकडाच्या रेषा दोन्ही बाजूंना सारख्या दिसतात. आतल्या छताला बारीक छिद्रे पाडून त्यांत प्रकाशाचे तंतू हाताने ओवतात, म्हणजे रात्री डोक्यावर चांदणे पडल्यासारखे वाटते. गाडीच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जी बारीक रेघ असते, ती खारीच्या केसांच्या ब्रशने हाताने ओढलेली असते. त्यासाठी यंत्र ठेवलेले नाही, माणूस ठेवला आहे.

खालूजानने विचारले, "आणि गादी?" भाच्याने सांगितले की आतल्या चामड्यासाठी थंड, उंचावरच्या प्रदेशातल्या बैलांची कातडी निवडतात. तिथे डास कमी आणि काटेरी तारांची कुंपणे नाहीत, म्हणून कातडीवर डाग किंवा ओरखडे नसतात. हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रींना सांगितली तेव्हा ते खूप हसले. "म्हंजे तिकडंबी बैलाबिगर गाडी होत नाई तर!"

मग त्याने मॉर्गन नावाच्या कंपनीचा फोटो दाखवला. ही इंग्लंडमधल्या मॉल्व्हर्न गावची कंपनी, १९०९ सालापासूनची. खालचा सांगाडा धातूचा, पण बाहेरचा पत्रा ज्या चौकटीवर चढवतात ती आजही अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. फोटोत एक सुतार त्या चौकटीला रंधा मारत होता. शेजारी पडलेल्या लाकडाच्या सालपटांचा ढीग आम्ही दुपारीच मिस्त्रींच्या मांडवात पाहिला होता.

आता आम्हालाही एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी आम्ही बल्लारशाहहून रेल्वेने हैदराबादला गेलो होतो. तिथे चौमहल्ला राजवाड्यात निजामांची पिवळी रोल्स रॉइस ठेवली आहे. १९१२ सालची सिल्व्हर घोस्ट. आत मोटारीची साधी सीट नाही, सिंहासनासारखे आसन आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली होती, पण १९११ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. गाडी आली तेव्हा ते हयात नव्हते. त्या काळी रोल्स रॉइस कंपनी फक्त इंजिन आणि खालचा सांगाडा द्यायची. वरची बॉडी दुसरे कारागीर बनवत. निजामांच्या गाडीची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीने बनवली होती, आणि बार्करवाल्यांचा मूळ धंदा होता घोड्यांच्या बग्ग्या बनवण्याचा.

म्हणजे जगातल्या सर्वांत महागड्या मोटारीही आधी बग्गीवाल्या सुतारांच्या, लोहारांच्या आणि गादीवाल्यांच्या हातातून गेल्या आहेत. दादी इतका वेळ शाल गुंडाळून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "मग आमच्या दमणीवाल्याला कोणी लंडनला का नाही बोलावलं?"

सगळे हसले. भाचा हसला नाही. तो आमच्याकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजरनंतर लगेच आम्ही मिस्त्रींकडे गेलो, कारण त्या दिवशी धाव चढवायची होती. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. शेजारच्या गावातले लोहार आले होते. त्यांनी आधी एका छोट्या चकतीने चाकाचा घेर मोजला. चकती चाकाच्या कडेवरून फिरवायची, किती फेरे झाले ते मोजायचे. तेवढेच फेरे पट्टीवर मोजायचे आणि पट्टी मुद्दाम थोडी आखूड ठेवून तिची कडी जोडायची. थंड असताना ती कडी चाकावर चढत नाही.

मग जमिनीवर कडी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या आणि लाकडे रचली आणि आग लावली. अर्ध्या तासाने लोखंड लाल झाले. तिघांनी लांब चिमट्यांनी कडी उचलली आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवली. लाकूड धुमसले, धूर निघाला, घणाचे चार ठोके पडले आणि मिस्त्री ओरडले, "पानी!" बायकांनी घागरी रिकाम्या केल्या. वाफेचा लोट उठला आणि त्यात लाकडाचे कडकड आवाज ऐकू आले. आम्ही घाबरलो, चाक मोडले असे वाटले. पण तो आवाज सांधे घट्ट होण्याचा होता. थंड होणारे लोखंड आकसते, पुठ्ठ्यांना आत दाबते, पुठ्ठे आऱ्यांना दाबतात आणि आरे तुंब्यात रुततात. बारा आरे आणि सहा पुठ्ठे क्षणात एक होतात.

उष्णतेने धातू प्रसरण पावतात, हा धडा मुलांना शाळेत शिकावा लागतो. त्याचे उदाहरण म्हणून आम्ही नेहमी रेल्वेच्या रुळांमधली फट सांगतो. त्या सकाळी भाच्याने मांडवाच्या मातीवर काडीने गणित केले. चाकाचा व्यास सुमारे १.२ मीटर, म्हणजे घेर सुमारे ३.७७ मीटर. एक मीटर लोखंड एक अंश तापले की मीटरच्या दहा लाख भागांपैकी सुमारे १२ भाग वाढते. लोखंड ५०० अंशांनी तापले असे धरले तर कडी सुमारे सव्वादोन सेंटिमीटर वाढते, म्हणजे जवळजवळ इंचभर. त्याने लोहारांना विचारले, "काका, पट्टी किती आखूड ठेवली?" लोहारांनी बोटाचे पेर दाखवले. "अंगठ्याच्या पेराच्या आत. जास्त ठेवली तर चाक चेंगरते, कमी ठेवली तर उन्हाळ्यात धाव निघते."

पुस्तकातले गणित आणि लोहाराचा अंगठा एका जागी आले. खरे सांगायचे तर विज्ञानाचा तो धडा आम्हाला त्या दिवशी नीट समजला.

धाव थंड होईपर्यंत चहा झाला. आम्ही मिस्त्रींना विचारले, "मुलगा हे काम शिकला का?"

"नाई जी. तो चंद्रपूरले एका दुकानात हिशेब लिहिते." थोडे थांबून म्हणाले, "मीच नाई शिकवलं. कायले शिकवू? वर्षात एखादं चाक येते. शंकरपटाच्या लोकायचं थोडं काम असते. पोट भरत नाई. मले लोक मिस्त्री म्हन्तात, पन सोयरीक कराले आले की पोरगं नोकरीवर हाय का, हेच इचारतात."

आम्ही गप्प राहिलो. कारण आमची बहीणही तेच विचारत होती, आणि आम्हीही. वर्गात अभ्यास न करणाऱ्या मुलाला आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य ऐकवत आलो आहोत. "नाही शिकलास तर गॅरेजमध्ये पाने फिरवशील." वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील गॅरेजमध्येच काम करतात, हे ठाऊक असूनही. ती मुले तेव्हा मान खाली घालून बसतात. नागपूर, चंद्रपूर, बल्लारपूर कुठेही पाहा. गाडीचे डेंटिंग, पेंटिंग, सीटचे काम, वेल्डिंग करणाऱ्यांत आपल्या समाजाची किती माणसे आहेत! ज्यांच्या हातांवर आपली घरे चालतात, त्या हातांना आपणच कमी लेखतो.

आणि हे कोणत्या दीनचे लोक करतात? हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांनी फळ्या जोडून जहाज बांधले. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) बादशहा होते, तरी लोखंडाची चिलखते बनवत आणि स्वतःच्या हातांच्या कमाईवर जगत. हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतारकाम करत. आपले प्यारे नबी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) आपली चप्पल स्वतः सांधत. हे सगळे आम्ही मिलादच्या कार्यक्रमात मुलांना सांगतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच पान्याचे वाक्य बोलतो.

मात्र बहिणीची काळजी खोटी आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. मिस्त्रींनीच तिची बाजू मांडली होती. कौतुकाने पोट भरत नाही. गुडवूडच्या कारागिराला दरमहा पगार मिळतो आणि शिकाऊ मुलांना कंपनी रीतसर प्रशिक्षण देते. आपल्या मिस्त्रींना चाकाचे पैसे तुकड्यातुकड्याने मिळतात आणि कला त्यांच्याबरोबरच संपणार आहे. हातातला फरक थोडा असेल, पण मोबदल्यातला आणि मानातला फार मोठा आहे. म्हणून हुनर शिकायचे तर ते आजच्या गाडीचे शिकावे, कागदावर शिकावे, गणितासकट शिकावे. आयटीआयमध्ये मोटारीच्या बॉडीची दुरुस्ती आणि रंगकाम यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. पुण्याजवळ चाकणला मर्सिडीजची जोडणी होते. दहावीचे गणित आणि विज्ञान चांगले असेल तर पुढे डिप्लोमाची वाटही मोकळी राहते. परतीच्या वाटेवर आम्ही भाच्याला एवढेच समजावले. तो म्हणाला, "मामू, मी गणित सोडतो असं कधी म्हटलंच नव्हतं. अम्मीनं विचारलंच नाही."

पण परतीच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. वलीम्याच्या दिवशी दुपारी दमणी दारात आली. छतावर बांबूच्या नव्या कमानी, त्यावर खालाने शिवलेले हिरवे कापड, आत धानाच्या तणसाची गादी. बैलजोडी शेजाऱ्यांची. त्यांनी पोळ्याला सजवतात तशी ती सजवून आणली होती आणि स्वतःच हाकायला बसले होते. मिस्त्री बाजूला उभे होते. त्यांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता.

दादीला दोघांनी उचलून आत बसवले. त्यांनी नव्या दुल्हनला शेजारी बोलावले. खाला पडदे सोडायला गेली तेव्हा दादी म्हणाल्या, "राहू दे. त्या वेळी काहीच दिसलं नव्हतं."

दमणी मशिदीच्या गल्लीपर्यंत गेली आणि परत आली. उतरताना दादीने हात लांब करून चाक चाचपले. धाव, पुठ्ठा, मग एकेक आरा. त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "पहिली कुरकुरायची. ही बोलत नाही." मिस्त्रींनी हात जोडले. खालूजानने ठरलेल्या मजुरीत वर काही घातले. तेवढ्यात पंगत बसली आणि दादीने मिस्त्री व लोहार दोघांनाही आपल्या समोर बसवून जेवू घातले.

घरी आल्यावर बहिणीला फोन केला. सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "पगार किती मिळेल, भाईजान?" आम्ही खरे ते सांगितले, की सुरुवातीला थोडा मिळेल, पुढे त्याच्या हातावर आहे. दहावीचा निकाल लागला की आपण तिघे मिळून आयटीआयमध्ये जाऊ, शिकवणाऱ्यांना भेटू आणि मगच ठरवू. ती म्हणाली, "ठीक आहे, इन्शाअल्लाह. पण आधी पेपर चांगले जाऊ दे." तिने होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलाने गृहपाठ केला नव्हता. सवयीने ते वाक्य ओठांवर आले. त्याचे वडील बसस्टँडमागच्या गॅरेजमध्ये काम करतात. आम्ही थांबलो आणि त्याला फळ्याजवळ बोलावून विचारले, "तुझे अब्बा नट घट्ट करताना किती फिरवायचं ते कसं ठरवतात?" त्याने क्षणभर विचार केला आणि हाताने करून दाखवले. मग त्याने सगळ्या वर्गाला दहा मिनिटे समजावून सांगितले.

गृहपाठ त्याने दुसऱ्या दिवशी आणला.